पाचवा बोल्ट

फोक्सवॅगन, स्कोडा किंवा त्यांच्या घराण्यातल्या गाडीचं चाक बहुतेकदा पाच बोल्टांवर असतं. त्यातले चार साध्या सतरा नंबरच्या पान्याने सुटतात. पाचव्याचं डोकं वेगळं असतं. बाहेरून गोल, गुळगुळीत, आणि मधल्या खाचेला ओळखीचा कुठला आकारच नाही. हात थरथरणाऱ्या माणसाने वर्तुळ काढावं तशी नागमोडी रेघ, नाहीतर कमीजास्त रुंदीच्या पाकळ्या. त्या खाचेत बरोब्बर बसणारा एक छोटा लोखंडी तुकडा गाडीबरोबर मिळतो. तो बोल्टात बसवायचा, त्याच्या षटकोनी पाठीवर पाना चढवायचा आणि मग फिरवायचं. हा लॉकिंग बोल्ट आणि तो तुकडा म्हणजे त्याची चावी. जपानी वळणाच्या गाड्यांत बोल्टाऐवजी नट असतात, पण कुलपाची कथा तीच.

चावी डिकीत, स्टेपनीपाशी असते. म्हणजे असायला हवी. ती मागच्या सर्व्हिसिंगच्या वेळी कुणाच्या तरी ट्रेमध्ये राहिलेली असते, गाडीच्या आधीच्या मालकाकडे असते, किंवा जागेवर असते पण तिच्या पाकळ्या झिजलेल्या असतात. आणि हे कळतं कधी, तर पंक्चर झाल्यावर. पावसात, एक्सप्रेसवेच्या कडेला, ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात असताना चार बोल्ट निघतात आणि पाचवा जागेवरून हलत नाही.

तो काढायच्या तऱ्हा आहेत आणि त्या बहुतेक सगळ्या दांडगाईच्या आहेत. त्यांच्याकडे येऊच. पण त्याआधीचा प्रश्न मला जास्त खुणावतो. नट-बोल्ट ही फार मोकळ्या स्वभावाची वस्तू आहे. कुणीही यावं, पाना लावावा, उघडावं. कुलूप बरोबर उलट: एकानेच उघडावं, बाकीच्यांनी हातही लावू नये. या दोघांना एका डोक्यात कोंबलं कुणी? मागे मागे जात राहिलं की गंमत अशी निघते की ही दोघं परकी नव्हतीच. आजचा यंत्रावर कापलेला स्क्रू आणि आजचं अवघड कुलूप, दोघांच्याही जन्मकथेत अठराव्या शतकाच्या अखेरचा लंडनमधला एकच कारखाना येतो.

तीस शिलिंगांचं भांडण

कारखाना जोसेफ ब्रामाचा. यॉर्कशायरमधल्या शेतकऱ्याचा हा मुलगा, जन्म १७४८चा. सुतारकाम शिकून लंडनला आला आणि लोकांच्या घरी पाण्याचे संडास बसवू लागला. ते बसवता बसवता त्यात सुधारणा करून त्याने १७७८मध्ये पेटंट घेतलं. पुढे १७८४मध्ये कुलपाचं पेटंट. नंतर हायड्रॉलिक प्रेसही त्याचाच. जेसीबीचा हात वर जातो तो त्याच तत्त्वावर.

ब्रामाच्या कुलपाची किल्ली चपटी नव्हती. ती नळीसारखी गोल होती आणि तिच्या टोकाला वेगवेगळ्या खोलीच्या खाचा होत्या. किल्ली आत दाबली की कुलपातल्या पट्ट्या आपापल्या खाचेपुरत्या आत सरकायच्या. सगळ्या अचूक खोलीवर आल्या तरच किल्ली फिरायची. एक जरी पट्टी केसभर पुढे-मागे राहिली तरी कुलूप ढिम्म. आज आपल्या डिकीतली ती गोल लोखंडी चावी हातात घेऊन बघा. दाबा आणि फिरवा. तिची चुलतपणजी कोण, ते लगेच लक्षात येईल.

अडचण एकच होती. असं कुलूप कागदावर काढणं सोपं, बनवणं महाकठीण. पट्ट्या हाताने कानस मारून इतक्या अचूक करायच्या तर एकेका कुलपाला फार वेळ आणि फार पैसा लागायचा. म्हणून १७८९मध्ये ब्रामाने हेन्री मॉडस्ली नावाचा अठरा वर्षांचा पोरगा कामावर घेतला. मॉडस्ली बाराव्या वर्षापासून वुलिचच्या सरकारी शस्त्रागारात काडतुसं भरायला जात होता. मग सुतारकाम, मग लोहारकाम, आणि लोखंडावरचा त्याचा हात असा बसला की त्याची ख्याती लंडनभर झाली. त्याने कुलपं नुसती बनवली नाहीत, कुलपाचे भाग बनवणारी यंत्रं बनवली. काही वर्षांतच तो कारखान्याचा मुकादम झाला.

ब्रामाला आपल्या कुलपाची इतकी खात्री होती की त्याने पिकॅडिलीतल्या १२४ नंबरच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप आणि एक पाटी मांडली. हे कुलूप किल्लीवाचून उघडेल असं हत्यार जो कुणी करेल त्याला जागच्या जागी २०० गिनी. ते कुलूप मॉडस्लीच्याच हातचं असं मानतात. आत १८ पट्ट्या. पाटी खिडकीत साठ वर्षांहून जास्त काळ होती. ती कुणीच खाली उतरवू शकलं नाही, त्या गोष्टीकडे जरा वेळाने जाऊ.

मॉडस्लीला आठवड्याला तीस शिलिंग मिळत. संसार वाढला, त्याने पगारवाढ मागितली. ब्रामाने नकार दिला. १७९७मध्ये मॉडस्ली बाहेर पडला आणि त्याने स्वतःचं वर्कशॉप टाकलं. पगारवाढ नाकारल्यामुळे बाहेर पडलेल्या माणसांनी जगाचं काय काय केलंय याचा कुणीतरी इतिहास लिहायला हवा. त्यात मॉडस्लीचं प्रकरण बरंच जाड होईल.

कारण बाहेर पडल्यावर त्याने जे यंत्र घडवलं, ते आटे पाडणारा लेथ. स्क्रू त्याआधीही होते. पण प्रत्येक बोल्ट आणि त्याचा नट ही एक स्वतंत्र जोडी असे. या बोल्टाचा नट त्या बोल्टावर चढत नसे. यंत्र खोलायचं तर प्रत्येक जोडीवर खूण करून ठेवावी लागे. खूण पुसली की तासन्‌तास जोड्या जुळवत बसायचं. म्हणजे तेव्हा प्रत्येक बोल्ट हा आपोआपच लॉकिंग बोल्ट होता! मॉडस्लीच्या लेथमध्ये हत्यार माणसाच्या हातात नव्हतं, यंत्राच्या पकडीत होतं, आणि एका मोठ्या स्क्रूच्या व दातेरी चाकांच्या हिशेबाने ते ठरलेल्या गतीने सरकायचं. त्यामुळे पहिल्या बोल्टाचे आटे तेच शंभराव्याचे.

त्याच्या वर्कशॉपमध्ये पुढे जोसेफ व्हिटवर्थ शिकून गेला. एका कारखान्यात सगळे आटे सारखे झाले तरी शेजारच्या कारखान्याचे वेगळे, ही भानगड होतीच. व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या वर्कशॉपांतले बोल्ट गोळा केले, त्यांची मापं घेतली, त्यांची सरासरी काढली आणि १८४१मध्ये साऱ्या देशासाठी एक माप सुचवलं: आट्यांचा कोन ५५ अंश, आणि अमुक जाडीला इंचात अमुक आटे. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४मध्ये ६० अंशांचं वेगळं माप मांडलं. आपल्या गाडीच्या आजच्या मिलिमीटरच्या बोल्टाचा कोन सेलर्सचा, ६० अंशांचा आहे. पण व्हिटवर्थचं इंचाचं राज्य आपल्याकडून पूर्ण गेलेलं नाही. हार्डवेअरच्या दुकानात आजही माणूस 'चार सुती बोल्ट द्या' म्हणतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

तर एकाच कारखान्यातून दोन वाटा फुटल्या. ब्रामाच्या वाटेवर प्रत्येक वस्तू दुसरीपेक्षा वेगळी असण्यात तिची किंमत. मॉडस्लीच्या वाटेवर प्रत्येक वस्तू दुसरीसारखी असण्यात. आणि दोन्हींना लागणारी अचूकता एकच.

५१ तास

आता त्या पाटीकडे. मधल्या काळात लंडनमध्ये दुसरं एक कुलूप गाजायला लागलं होतं. १८१७मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत चोरी झाली. सरकारने, स्वतःच्या किल्लीशिवाय कशानेही उघडणार नाही अशा कुलपासाठी बक्षीस लावलं आणि पुढच्या वर्षी जेरमाया चबने ते जिंकलं. चबच्या कुलपाची खुबी अशी की चुकीची किल्ली किंवा आकडा घालून छेडलं की ते स्वतःच अडकून बसे. मग खरी किल्लीसुद्धा लगेच चालत नसे. मालकाला कळे की आपल्यामागे कुणीतरी हात घातलाय. पोर्ट्समथच्या बंदरात कैदी ठेवायची जुनी जहाजं उभी असत. त्यांतल्या एकावर धंद्याने कुलूपवाला असलेला एक कैदी होता. त्याला सांगितलं गेलं, हे उघड, शिक्षा माफ आणि वर शंभर पौंड. त्याने दोन-तीन महिने झटापट केली आणि हात टेकले.

असा सगळा आनंदीआनंद असताना १८५१च्या महाप्रदर्शनासाठी बोस्टनचा आल्फ्रेड चार्ल्स हॉब्स लंडनला आला. तो न्यूयॉर्कच्या एका कुलूप कंपनीचा माणूस होता. धंदा वाढवायची त्याची रीत साधी होती: दुसऱ्याचं कुलूप उघडून दाखवायचं आणि मग आपलं विकायचं. जुलैमध्ये त्याने साक्षीदारांसमोर चबचं कुलूप २५ मिनिटांत उघडलं. मग ते पुन्हा लावूनही दाखवलं. लावायला सात मिनिटं लागली.

मग ब्रामा. जोसेफ ब्रामा १८१४मध्ये वारला होता, दुकान पुढची पिढी चालवत होती. अटी ठरल्या, पंच नेमले, हॉब्सला तीस दिवसांची मुदत आणि काम करायला एक खोली मिळाली. कुलूप लाकडी फळ्यांमध्ये बसवून सील केलं, फक्त किल्लीचं भोक उघडं. हॉब्सने पट्ट्यांवर ताण ठेवून कुठली पट्टी आधी अडते ते बोटांनी चाचपलं. जी अडते ती थोडी दाबायची, परत चाचपायचं. १६ दिवसांत मिळून ५१ तास. कुलूप उघडलं. ब्रामाच्या दुकानाने बरीच कुरकुर केली की याने खोलीत अख्खं यंत्रच उभं केलं होतं, असा कुठला चोर येतो? तक्रार अगदी खोटी नव्हती. पण पंचांनी निकाल हॉब्सच्या बाजूने दिला आणि २०० गिनी मोजाव्या लागल्या. ते कुलूप आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

लंडनच्या वर्तमानपत्रांत त्या उन्हाळ्यात यावरून रण माजलं. ब्रिटिश कुलूप उघडलं याचं दुःख होतंच, पण जास्त राग याचा होता की ते कसं उघडतं हे चारचौघांत सांगितलं गेलं. आता चोर शिकतील! यावर हॉब्सच्या बाजूने आलेलं उत्तर १८५३च्या कुलपांवरच्या एका छोट्या पुस्तकात आहे आणि मला ते आजही बिनतोड वाटतं. चोर आपल्या धंद्यात हुशार असतात, तुम्ही त्यांना शिकवू शकाल त्याहून जास्त त्यांना आधीच ठाऊक असतं. माहिती नसते ती कुलूप विकत घेणाऱ्या भल्या माणसाला, आणि नुकसान त्याचंच होतं. सॉफ्टवेअरवाली मंडळी हाच वाद दर दोन वर्षांनी नव्याने घालत असतात.

हॉब्स लंडनमध्येच कुलपांचा कारखाना काढून नऊ-दहा वर्षं राहिला, मग अमेरिकेला परतला आणि शेवटी कनेक्टिकटमध्ये काडतुसांच्या कारखान्याचा प्रमुख झाला. मॉडस्लीने जिथून सुरुवात केली, तिथेच हा पोचला.

चाक सुटतं कसं

चाकाची गोष्ट निराळी, आणि तिच्यात आपला एक शब्द अडकलेला आहे. सुरुवातीच्या मोटारींचं चाक रस्त्यात काढून दुसरं लावायची सोय नसे. टायर फुटला की मालक किंवा त्याचा ड्रायव्हर धुळीत बसून चाक जागेवर असतानाच टायर उपसून काढी, ट्यूबला ठिगळ लावी, परत चढवी. १९०४मध्ये वेल्समधल्या लनेली गावात टॉमस मॉरिस डेव्हिसने यावर तोड काढली: हवा भरलेला टायर चढवलेली, आरे नसलेली एक धाव. ती फुटलेल्या चाकालाच शिकंज्यांनी आवळायची आणि घर गाठायचं. डेव्हिस बंधूंचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून ते स्टेपनी चाक. ते चाक कधीच इतिहासजमा झालं. नाव मात्र मुंबई-पुण्यापासून कोलकात्यापर्यंत प्रत्येक पंक्चरवाल्याच्या तोंडी राहिलं. लनेलीची ती गल्ली बहुतेकांनी ऐकलेलीही नसते.

पुढे अख्खं चाकच काढता येऊ लागलं. रज-व्हिटवर्थच्या तारेच्या चाकाला मध्यभागी एकच मोठा पंखांचा नट असे. मऊ धातूच्या हातोडीने त्या पंखांवर दोन-चार टोले दिले की चाक हातात. (हा व्हिटवर्थ वेगळा, सायकलींच्या कंपनीच्या नावातला.) शर्यतीत हे वरदान होतं, आणि रस्त्याकडेला उभ्या गाडीसाठी अर्थात तितकंच धोक्याचं. अमेरिकेने १९६८पासून नव्या गाड्यांवर असे बाहेर आलेले पंख बंद केले, पण ते चोरांमुळे नव्हे, पादचाऱ्यांना इजा होते म्हणून. बहुतेक साध्या गाड्यांनी तोवर आजची पद्धत घेतली होती: पोलादी चाक आणि चार-पाच नट किंवा बोल्ट. सगळे षटकोनी, सगळे एकाच पान्याचे. मॉडस्लीच्या वाटेचा हा परमोच्च बिंदू म्हणता येईल. फलटणच्या रस्त्यावर पंक्चर झालेली गाडी कुठल्याही ट्रकवाल्याच्या पान्याने मार्गी लागू शकते, यात केवढा मोठा करार दडलाय!

पण जे सहज सुटतं ते सहज जातंही. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतले आणि अमेरिकेचं रबर तुटलं. जानेवारी १९४२मध्ये तिथे रेशनिंग सुरू झालं ते साखरेपासून नाही, पेट्रोलपासून नाही, टायरपासून. गाडीमागे पाच टायर ठेवायची मुभा, आणि त्यांचे नंबर सरकारदरबारी नोंदवायचे. टायरचोरी ही नित्याची तक्रार झाली. त्यानंतर रबर स्वस्त झालं, पण चाक महागलं. १९२४मध्ये लियाँच्या शर्यतीत बुगाटीच्या टाइप ३५ गाड्या ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकांवर धावल्या होत्या. ती शर्यतीची चैन पुढच्या पन्नास-साठ वर्षांत अलॉय व्हील होऊन साध्या गाड्यांवर उतरली. चार अलॉय आणि चार टायर म्हणजे मध्यम गाडीच्या मालकालाही दुखेल एवढी रक्कम. रात्री पार्क केलेली गाडी सकाळी विटांवर उभी, हे दृश्य ज्याने बघितलंय त्याला कुलपाचं महत्त्व पटवावं लागत नाही. मग प्रत्येक चाकातला एक बोल्ट कुलूपवाला झाला. ब्रामाची वाट मॉडस्लीच्या वाटेला इथे येऊन मिळाली.

अशीच भेट तुमच्या खिशातही झालेली असू शकते. आयफोन असेल तर खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाच्या दोन बाजूंना पाच पाकळ्यांचे दोन बारीक स्क्रू दिसतील. ॲपलने असा स्क्रू २००९मध्ये लॅपटॉपमध्ये आणि २०११च्या सुमारास आयफोन ४मध्ये आणला. तिथे आत सोनं नाही, चोर काही बॅटरी काढून न्यायला येत नाही. तो स्क्रू थांबवतो तो फोनच्या मालकाला. काही दिवसांत बाजारात त्याचे पाने मिळायला लागले ही वेगळी गोष्ट.

गाडीच्या बोल्टाबाबत मी इतका कडू नाही. तो खरोखर चोरासाठी आहे. पण त्याचं गुपित ब्रामाच्या कुलपाएवढं खोल नाही. एका कंपनीच्या चाव्यांचे नमुने मोजकेच असतात. सर्व्हिस सेंटरकडे त्या सगळ्यांचा संच असतो. तसा संच बाहेरही विकत मिळतो. शिवाय चोराला हॉब्ससारखं बोटांनी चाचपत बसायचं नसतं. तो जी रीत वापरतो तीच पुढे मिस्त्री वापरतो. म्हणजे या कुलपाचं काम चोराची दहा मिनिटं वाढवणं आणि त्याला आवाज करायला लावणं, इतकंच. भर वस्तीत तेही पुष्कळ आहे.

अडतो का, आणि मग

आता तो का अडकतो ते बघू. पोलोसारख्या गाडीचा चाकाचा बोल्ट १४ मिलिमीटर जाड, आणि तो १२० न्यूटन मीटरने आवळायचा असतो. म्हणजे मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला साधारण बारा किलो वजन लटकवल्याएवढा पीळ. ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्या पिळाने बोल्ट रबरासारखा किंचित ताणला जातो आणि चाकाला हबवर सुमारे चार टनांच्या जोराने दाबून धरतो. एकेक बोल्ट चार टन. चाक जागेवर राहतं ते या दाबामुळे. गंमत म्हणजे आपण लावलेल्या जोरातला निम्म्याच्या आसपास भाग डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला उरतो. म्हणून घर्षण थोडं वाढलं की सगळा हिशेब बिघडतो. गंज चढला, पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियमच्या चाकामध्ये पाणी शिरून पांढरट बुरशीसारखा थर जमला, की सुटायला लागणारा जोर कितीतरी वाढतो. त्यात टायरवाल्याने हवेच्या गनने मनसोक्त घर्रर्र केलेलं असेल तर तो १२०चा आकडा दुप्पट-तिप्पट झालेला असतो.

साधा षटकोनी बोल्ट हे सगळं सोसतो, कारण जोर त्याच्या सहा भरभक्कम बाजूंवर वाटला जातो. लॉकिंग बोल्टाची खाच बारीक, उथळ, आणि चावीच्या पाकळ्या पातळ. आकार जितका नक्षीदार, जोर घ्यायला जागा तितकी कमी. त्यात चावी तिरकी बसली किंवा तिच्यावर गन चालवली, की पाकळी तुटते, नाहीतर खाच गोल होते. मग चावी असूनही नसल्यासारखीच. म्हणून पहिला नियम, चावीवर गन नको. लांब दांड्याने, सरळ रेषेत, सावकाश.

आधी सौम्य उपाय. गाडी जॅकवर चढवण्याआधी, चाकं जमिनीवर असताना, हँडब्रेक ओढून हे करायचं. जॅकवर असताना जोर लावला तर गाडी घसरून अंगावर येऊ शकते. बाकीचे चार बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे, म्हणजे पाचव्यावरचा भार थोडा हलका होतो. खाचेतला चिखल सुईने काढायचा, गंज सैल करणारं तेल मारून अर्धा तास थांबायचं, चावी हातोडीने ठोकून पूर्ण खोलवर बसवायची. कधी कधी उघडण्याआधी किंचित आवळायच्या दिशेने झटका दिला की गंजाची पकड मोडते. चावी हरवली असेल पण तिच्या कोडचं कार्ड कागदपत्रांत असेल, तर नवी मागवता येते. मी एका गॅरेजात मिस्त्रींना गिऱ्हाइकाला सांगताना ऐकलंय, "साहेब, आधी ग्लोव्हबॉक्समधल्या फायली बघा. हातोडा काय, कधीही सापडतो."

त्यानंतर मात्र हातोडाच. बारा कोनांची, बोल्टाच्या डोक्यापेक्षा जरा लहान गोटी, म्हणजे सॉकेट, घ्यायची आणि ती घणाने ठोकून त्या गुळगुळीत डोक्यावर चढवायची. गोटीचे कोन बोल्टाच्या धातूत रुततात, आणि कुलपाला जो आकार नको होता तोच आपण त्याच्यावर बाहेरून उमटवतो. मग दांडा. बहुतेक वेळा 'कडाक्' असा, बोल्ट तुटला की काय वाटावं असा आवाज येतो आणि तो फिरायला लागतो. बोल्ट त्या गोटीत इतका घट्ट बसतो की नंतर गोटी वाचवायची म्हणजे वेगळंच काम. ज्या गॅरेजात अशी कामं नेहमी येतात तिथे बळी द्यायच्या स्वस्त गोट्यांचा डबाच असतो. याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ती म्हणजे आत उलटे पीळ असलेला एक्स्ट्रॅक्टर. तो डावीकडे फिरवावा तसा डोक्यात जास्त जास्त रुततो. म्हणजे उघडायचा जोरच पकड वाढवतो.

कुलूप बनवणाऱ्यांनीही हे पाहिलं होतं. म्हणून काही बोल्टांच्या डोक्याभोवती मोकळी फिरणारी कडी असते. तिच्यावर गोटी ठोकली तर नुसती कडी गरगर फिरते. मग आधी छिन्नीने ती कडी फोडायची आणि आतलं डोकं गाठायचं. काही जण डोक्यावर एक साधा नट वेल्डिंगने चिकटवतात. वेल्डिंगची ऊब बोल्टाला आतून सैल करते, हा त्याचा वरचा फायदा. पण अलॉयच्या खोलगट भोकात ते करताना चाकाचा रंग उडतो, बॅटरीची तार आधी सोडावी लागते, आणि हवा भरलेल्या टायरशेजारी गॅसची ज्योत लावणं म्हणजे जिवाशी खेळ. तापलेला टायर फुटून माणसं मेलेली आहेत. रस्त्याच्या कडेला कुणी असा बंब पेटवायला लागलं तर सरळ नको म्हणावं आणि गाडी टो करावी.

सगळं हरलं की ड्रिल. डोक्याचा वरचा थर मुद्दाम कडक केलेला असतो, त्यामुळे साधं ड्रिल नुसतं चकाकत फिरतं. कार्बाइड किंवा कोबाल्टचं टोक लागतं, बरोब्बर मध्यावर, कमी वेगाने, तेल घालत. अर्धा तास, कधी तासभर. डोक्याची भिंत पातळ होत होत अखेर डोकं देठापासून सुटतं आणि चुऱ्यासकट खाली पडतं. बाकीचे चार बोल्ट काढून चाक ओढून घेतलं की हबमधून एक बोटभर लांब, बिनडोक्याचा दांडा बाहेर आलेला दिसतो. त्याच्यावर आता कसलाच ताण नसतो. आट्यांना थोडं तेल द्यायचं, चिमटा पान्याने पकडून पाव फेरा फिरवायचा. उरलेला बहुतेकदा नुसत्या दोन बोटांनी निघून येतो.